शेवरोले बोल्टची परत बोलावणी : बॅटरी कोणाच्या हाती असावी, याचा प्रकरण अभ्यास

२० ऑगस्ट २०२१ रोजी जनरल मोटर्सने शेवरोले बोल्ट या विजेवर चालणाऱ्या मोटारीची तोपर्यंत बनलेली प्रत्येक गाडी परत बोलावत असल्याचे जाहीर केले. त्याआधी परत बोलावलेल्या गाड्या धरून ही संख्या सुमारे १ लाख ४२ हजारांवर गेली. कारण एकच होते : बॅटरी ज्या सुट्या घटकांची बनते त्या सेलमध्ये बनावटीच्या वेळी राहून गेलेल्या दोषांमुळे गाडीला आग लागण्याचा धोका होता, आणि ही आग गाडी नुसती उभी असतानाही लागू शकत होती. हे सेल जनरल मोटर्सच्या कारखान्यात बनले नव्हते. ते एलजी केम या कोरियन कंपनीचे आणि तिच्यातून डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या झालेल्या एलजी एनर्जी सोल्युशनचे होते. गाडीवरचे नाव मात्र जनरल मोटर्सच्या शेवरोलेचे होते, त्यामुळे गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ठेवू नका, हे मालकांना सांगण्याची वेळ जनरल मोटर्सवरच आली.

विद्युत मोटार बनवणाऱ्या कंपनीने बॅटरीचे तंत्रज्ञान स्वतः विकसित करावे की पुरवठादारावर विसंबावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा टेस्ला आणि बीवायडी या दोन नावांभोवती फिरते. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी जनरल मोटर्सचे प्रकरण मला अधिक उपयुक्त वाटते. एकाच मोटार कंपनीने एकाच पुरवठादाराबरोबर साधारण पंधरा वर्षांत तीन वेगवेगळ्या व्यवस्था करून पाहिल्या. आधी सेल विकत घेऊन त्यांचा पॅक, म्हणजे गाडीत बसणारी पूर्ण बॅटरी, स्वतः जुळवला, नंतर सेल आणि पॅक दोन्ही विकत घेतले, आणि अखेरीस सेलचा कारखानाच भागीदारीत उभा केला. दोन्ही बाजूंच्या कंपन्या त्याच राहिल्या आणि कामाची वाटणी तेवढी बदलत गेली, म्हणून त्या वाटणीचा परिणाम येथे इतर कोणत्याही उदाहरणापेक्षा स्वच्छ दिसतो.

व्होल्टपासून बोल्टपर्यंत

जानेवारी २००७ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात जनरल मोटर्सने वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या शेवरोले व्होल्टचे प्रारूप मांडले, तेव्हा त्या गाडीला लागणारी लिथियम-आयन बॅटरी बाजारात तयार मिळत नव्हती. कंपनीने दोन गटांना विकासाचे काम दिले : एका बाजूला एलजी केमची अमेरिकेतील उपकंपनी, आणि दुसऱ्या बाजूला कॉन्टिनेंटल ही जर्मन कंपनी, जिच्या पॅकमध्ये ए१२३ सिस्टिम्स या तरुण अमेरिकन कंपनीचे लोह-फॉस्फेट रसायनाचे सेल असणार होते. जानेवारी २००९ मध्ये निवड जाहीर झाली आणि सेलचे काम एलजी केमला मिळाले. त्याच घोषणेत एक दुसरा निर्णयही होता, ज्याकडे नंतर पुरेसे लक्ष दिले गेले नाही. सेल बाहेरून येणार असले तरी त्यांचा पॅक जनरल मोटर्स स्वतः मिशिगनमध्ये जुळवणार होती; हे काम पुढे ब्राउन्सटाउन येथे झाले. त्याच वर्षी वॉरन येथील तांत्रिक केंद्रात मोठी बॅटरी प्रयोगशाळाही सुरू झाली.

ए१२३ सिस्टिम्सने ऑक्टोबर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यामुळे एलजीची निवड पुढे दूरदृष्टीची ठरली, आणि जनरल मोटर्सचा एलजीवरचा विश्वास अधिकच पक्का झाला असावा. व्होल्ट डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. १६ किलोवॅट-तासांच्या तिच्या पॅकमध्ये २८८ सेल होते, आणि सेल एलजीचे, पॅक जनरल मोटर्सचा, ही वाटणी त्या गाडीपुरती चांगली चालली.

बोल्टच्या वेळी ही वाटणी बदलली. ही गाडी पूर्णपणे विजेवर चालणारी होती. पॅक ६० किलोवॅट-तासांचा होता, एका चार्जमध्ये अमेरिकी सरकारी मोजणीनुसार २३८ मैल म्हणजे सुमारे ३८३ किलोमीटर अंतर कापता येत होते, आणि ती सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत २०१६ अखेर बाजारात आणायची होती. एवढ्या कमी वेळात आणि एवढ्या किमतीत हे साधण्यासाठी जनरल मोटर्सने एलजी समूहाकडे केवळ सेल सोपवले नाहीत. ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी जाहीर केलेल्या यादीत सेल, जुळवलेला पॅक, मोटर, इन्व्हर्टर, गाडीतील चार्जर, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर, बॅटरीचा हीटर आणि चालकासमोरच्या पडद्यापर्यंत बरेच काही होते. मोटरचे डिझाइन जनरल मोटर्सचे होते, बनावट एलजीची. त्याच सुमारास जनरल मोटर्सने गुंतवणूकदारांना सांगितले की बोल्टच्या सेलची किंमत प्रति किलोवॅट-तास १४५ डॉलर पडेल. त्या काळी हा आकडा अनेकांना अविश्वसनीय वाटण्याइतका कमी होता.

या निर्णयाला आज मागे वळून चूक म्हणणे सोपे आहे, पण मी तसे म्हणणार नाही. टेस्ला वगळता कोणत्याही कंपनीकडे त्या वेळी इतक्या पल्ल्याची विद्युत गाडी नव्हती, आणि टेस्लाचे मॉडेल ३ अजून रस्त्यावर यायचे होते. सेलचा स्वतःचा कारखाना उभारायला चार-पाच वर्षे आणि अब्जावधी डॉलर लागले असते, आणि ते ज्या गाडीसाठी खर्च करायचे तिची मागणी किती असेल याचा कोणालाच नीट अंदाज नव्हता. पुरवठादारावर विसंबल्यामुळेच बोल्ट वेळेवर आली. प्रश्न एवढाच आहे की हे करताना जनरल मोटर्सने आपल्याजवळ काय ठेवले आणि काय जाऊ दिले.

दोष कोठे होता

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग तांत्रिक आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढच्या कोणत्याही निर्णयाचे मूल्यमापन करता येत नाही.

लिथियम-आयन सेलमध्ये ऋण बाजूचा अ‍ॅनोड आणि धन बाजूचा कॅथोड यांचे पातळ थर एकावर एक रचलेले असतात, आणि दोघांमध्ये सेपरेटर नावाचा अत्यंत पातळ सच्छिद्र पडदा असतो. आयन या पडद्यातून ये-जा करतात, पण अ‍ॅनोड आणि कॅथोड एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत. प्रत्येक थरातून वीज बाहेर नेण्यासाठी धातूची एक पट्टी निघते, तिला टॅब म्हणतात. बोल्टच्या आगींच्या तपासात जनरल मोटर्स आणि एलजी या दोघांच्या तज्ज्ञांना जे आढळले ते असे : काही सेलमध्ये अ‍ॅनोडची टॅब फाटलेली होती, काहींमध्ये सेपरेटर दुमडलेला होता, आणि क्वचित एखाद्या सेलमध्ये हे दोन्ही दोष एकत्र आले होते. दोन्ही एकत्र आले की आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याची शक्यता निर्माण होते. सेल भरलेला असताना त्यात सर्वाधिक ऊर्जा साठलेली असते, म्हणून धोकाही तेव्हाच सर्वाधिक.

रसायनाच्या निवडीत किंवा पॅकच्या रचनेत यातले कोणतेही कारण नव्हते. निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचे जे मिश्रण या सेलमध्ये होते ते इतरही अनेक गाड्यांत सुरक्षितपणे चालत होते. दोष होता तो थर कापण्याच्या, रचण्याच्या आणि टॅब जोडण्याच्या कामात, म्हणजे कारखान्याच्या रोजच्या व्यवहारात. सेलचा कारखाना हे अतिशय सूक्ष्म शिस्तीचे ठिकाण असते : लेप चढवणे, वाळवणे, दाबून सपाट करणे, कापणे, रचणे, इलेक्ट्रोलाइट भरणे, पहिला चार्ज देणे आणि काही दिवस निरीक्षणाखाली ठेवणे, या प्रत्येक टप्प्यावर होणारी लहानशी चूक सेल बंद झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही. लाखो सेलांत एखादाच बिघडलेला असेल तरी एका गाडीत २८८ सेल आहेत आणि गाड्या हजारोंनी आहेत, हे लक्षात घेतले की ‘एखादाच’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

गाडीतले सॉफ्टवेअर हा दोष ओळखू शकले असते का? येथे पॅकची जोडणी महत्त्वाची ठरते. बोल्टचे २८८ सेल तीन-तीनच्या ९६ गटांत जोडलेले होते. गटातले तीन सेल समांतर असल्याने त्यांचे व्होल्टेज एकच असते, आणि बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा गटाचे व्होल्टेज मोजते, एकट्या सेलचे नाही. एका सेलमध्ये आत थोडी गळती सुरू झाली तर बाकीचे दोन ती भरून काढत राहतात, आणि बाहेरून दिसणारी खूण क्षीण होऊन जाते. बारकाईने आणि दीर्घकाळ मोजमाप केले तर काही सेल पकडता येतात, पण यातून सगळे दोषी सेल सापडतीलच अशी खात्री देता येत नाही. जनरल मोटर्सला हे अतिशय महागात पडलेल्या अनुभवातून कळले.

नऊ महिने

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने बोल्टच्या आगींची प्राथमिक चौकशी सुरू केली. नोव्हेंबरमध्ये जनरल मोटर्सने २०१७ ते २०१९ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे ६९ हजार गाड्या परत बोलावल्या. या गाड्यांतले सेल एलजीच्या दक्षिण कोरियातील ओचांग कारखान्यात बनले होते, आणि दोष त्या कारखान्यापुरता मर्यादित आहे असे तेव्हा मानले गेले. तात्पुरता उपाय म्हणून चार्जची मर्यादा ९० टक्क्यांवर आणण्यात आली. कायमचा उपाय एप्रिल २०२१ मध्ये आला : वितरकाकडे बॅटरीची तपासणी करायची, संशयास्पद भाग असेल तर बदलायचा, आणि पुढे सतत लक्ष ठेवणारे नवे सॉफ्टवेअर गाडीत टाकायचे.

१ जुलै २०२१ रोजी व्हर्माँट राज्यात जी बोल्ट जळाली, तिच्यावर हा उपाय आधीच करून झालेला होता. त्या एका घटनेने सॉफ्टवेअरवर उभा असलेला सगळा आधार गेला. जुलैअखेर तेच ६९ हजार मालक पुन्हा बोलावले गेले, या वेळी दोषी मॉड्यूल, म्हणजे पॅकमधले सेलांचे संच, बदलण्यासाठी. ऑगस्टमध्ये लक्षात आले की दोष ओचांगपुरता नाही, एलजीच्या इतर कारखान्यांतल्या सेलमध्येही तो असू शकतो, आणि उरलेल्या सुमारे ७३ हजार गाड्याही यादीत आल्या. मालकांना सांगण्यात आले की चार्ज ९० टक्क्यांपुढे नेऊ नका, ७० मैलांच्या खाली उतरू देऊ नका, रात्रभर घरात चार्जिंगला लावून ठेवू नका. सप्टेंबरमध्ये त्यात आणखी एका सूचनेची भर पडली : इतर गाड्यांपासून ५० फूट अंतरावर उभी करा.

मिशिगनमधील ओरायन येथे बोल्ट जुळवणारा कारखाना ऑगस्ट २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत, काही दिवसांचा अपवाद सोडता, बंदच राहिला. नवे सेल उपलब्ध होताच ते आधी जुन्या गाड्यांना देण्याचे ठरले. माझ्या मते या साऱ्या काळातला हा सर्वांत प्रामाणिक निर्णय होता, कारण नवी विक्री थांबवून कंपनीने आधीच्या ग्राहकाची सुरक्षितता पुढे ठेवली.

पैशांचा हिशेब मात्र जनरल मोटर्सच्या बाजूने लागला. एकूण खर्च सुमारे २ अब्ज डॉलर धरला गेला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पॅक पुरवणाऱ्या एलजी इलेक्ट्रॉनिक्सशी झालेल्या समझोत्यानुसार त्यातले १.९ अब्जांपर्यंत एलजीकडून मिळणार असे ठरले. पुरवठादारावर विसंबण्याच्या बाजूने दिला जाणारा एक मोठा युक्तिवाद येथे खरा ठरतो : दोष दुसऱ्याचा असेल तर भरपाईही दुसऱ्याकडून मागता येते. सेल स्वतःच बनवले असते तर हे २ अब्ज कोणाकडूनही परत आले नसते. पण करारातून पैसे परत येतात, वेळ येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्यांदा गाड्या बोलावल्यापासून ऑगस्ट २०२१ मध्ये दोषाची पूर्ण व्याप्ती मान्य होईपर्यंतचे नऊ महिने, आणि त्यानंतरचा कारखान्याचा बंद, हा तोटा समझोत्यात कोठेही मोजलेला नाही.

हे नऊ महिने का लागले, हाच माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. जनरल मोटर्सकडे उत्तम प्रयोगशाळा होती, पॅकचे आणि नियंत्रण यंत्रणेचे ज्ञान होते, जळालेल्या गाड्या तपासण्याची क्षमता होती. तिच्याकडे नव्हती ती सेल बनतानाची नोंद. कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर कोणता सेल रचला गेला, त्या यंत्राची जुळणी तेव्हा कशी होती, कॅमेऱ्याने काय टिपले आणि कोणता माल कशामुळे बाद झाला, ही माहिती पुरवठादाराची असते, आणि तो ती आपले व्यावसायिक गुपित म्हणून जपतो. ती हाती नसली की मोटार कंपनीला जळालेल्या गाडीपासून मागे मागे जात कारण शोधावे लागते. अशा शोधात पहिला अंदाज बहुधा संकुचित असतो, कारण जो दोष आतापर्यंत जेथे सापडला तेथेच तो आहे असे मानले जाते.

ह्युंदाईचा अनुभव शेजारी ठेवला तर हा मुद्दा अधिक बळकट होतो. तिच्या कोना या गाडीत एलजीच्याच, पण चीनमधील नानजिंग कारखान्यात बनलेल्या सेलांवरून प्रश्न निर्माण झाला. २०२० मध्ये सॉफ्टवेअर बदलून पाहिले गेले, जानेवारी २०२१ मध्ये तसा बदल झालेली एक गाडी पेटली, आणि फेब्रुवारीत सुमारे ८२ हजार वाहनांच्या बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय झाला, ज्याचा अंदाजित खर्च १ लाख कोटी वोन होता. दोन वेगळ्या मोटार कंपन्या, दोन वेगळे कारखाने, आणि तरीही क्रम तोच : आधी सॉफ्टवेअर, मग पुन्हा आग, मग सेलची बदली.

कारखान्यात भागीदारी

जनरल मोटर्सचा पुढचा निर्णय बोल्टच्या संकटातून निघाला असे अनेकदा समजले जाते, पण तारखा तसे सांगत नाहीत. एलजी केमबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत सेलचा कारखाना उभारण्याची घोषणा ५ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे पहिल्या परत बोलावणीच्या जवळजवळ वर्षभर आधी झाली होती. ओहायो राज्यात, नुकत्याच बंद केलेल्या लॉर्ड्सटाउनच्या मोटार कारखान्याजवळ, २.३ अब्ज डॉलर गुंतवून वर्षाला ३० गिगावॅट-तासांहून अधिक सेल बनवायचे, अशी ती योजना होती. मार्च २०२० मध्ये अल्टियम या नावाने नवे बॅटरी तंत्र जाहीर झाले. मोठ्या आकाराचे चपटे सेल, निकेल-कोबाल्ट-मँगनीजमध्ये अ‍ॅल्युमिनियमची भर घातलेले रसायन, आधीच्या तुलनेत ७० टक्के कमी कोबाल्ट, आणि एकाच प्रकारच्या सेलपासून ५० ते २०० किलोवॅट-तासांपर्यंतचे पॅक, हे त्याचे स्वरूप होते. नंतर टेनेसीतील स्प्रिंग हिल आणि मिशिगनमधील लान्सिंग येथील कारखान्यांच्याही घोषणा झाल्या.

म्हणून बोल्टच्या घटनेने हा निर्णय जन्माला घातला नाही, पण त्याचा अर्थ बदलला, असे मी म्हणेन. २०१९ मध्ये भागीदारीमागची मांडणी मुख्यतः किंमत आणि पुरवठ्याची होती. २०२१ नंतर त्यात एक नवी, अधिक खोल गरज मिसळली : सेल बनताना तेथे आपली माणसे हवीत. ज्या पुरवठादाराच्या सेलमुळे इतकी हानी झाली त्याच्याबरोबरच भागीदारी वाढवणे अनेकांना विसंगत वाटले होते. मला ते सुसंगत वाटते. दोष एलजीच्या रसायनशास्त्रात नव्हता, बनावटीच्या शिस्तीत होता, आणि शिस्तीवर प्रभाव टाकायचा तर कारखान्याबाहेर राहून तो टाकता येत नाही.

अमेरिकी कायद्यानेही या दिशेला जोर दिला. २०२२ च्या महागाई नियंत्रण कायद्यानुसार देशात बनलेल्या प्रत्येक किलोवॅट-तासाच्या सेलमागे ३५ डॉलर आणि मॉड्यूलमागे १० डॉलर कर सवलत बनवणाऱ्याला मिळू लागली. आयात सेल विकत घेणाऱ्या कंपनीला यातले काही मिळत नव्हते, भागीदारीतल्या कारखान्याला सारे मिळत होते. ओहायोचा कारखाना ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला आणि त्या वर्षअखेर भागीदारीतल्या कंपनीला ऊर्जा खात्याकडून २.५ अब्ज डॉलरचे कर्जही मंजूर झाले.

पण कारखाना हाती आला म्हणून उत्पादन हाती येत नाही. २०२३ मध्ये जनरल मोटर्सच्या नव्या विद्युत गाड्यांची संख्या वाढेना, तेव्हा कारण निघाले ते सेलचे नव्हे, सेलांपासून मॉड्यूल जुळवण्याच्या स्वयंचलित यंत्रांचे. ती यंत्रे बसवणारा पुरवठादार वेळा पाळू शकला नाही, आणि कंपनीला हाताने जुळवणी करणाऱ्या रांगा उभ्या कराव्या लागल्या. २०२४ च्या मध्यापर्यंत ४ लाख विद्युत गाड्या बनवण्याचे उद्दिष्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये सोडून देण्यात आले. याच काळात जुनी बोल्ट मात्र नव्या सेलांसह उत्तम विकत होती. उत्पादनाच्या शेवटच्या वर्षी, २०२३ मध्ये, अमेरिकेत तिच्या सुमारे ६२ हजार गाड्या खपल्या. विकत घेतलेल्या बॅटरीची गाडी स्वतःच्या बॅटरीच्या गाड्यांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने ग्राहकापर्यंत पोहोचत होती, ही वस्तुस्थिती भागीदारीच्या बाजूने बोलणाऱ्याने टाळू नये.

इतरांनी निवडलेले मार्ग

तुलनेसाठी काही कंपन्यांकडे थोडक्यात पाहणे पुरेसे आहे. बीवायडी १९९५ मध्ये बॅटरी कंपनी म्हणून सुरू झाली आणि २००३ मध्ये मोटारींकडे वळली. तिच्याकडे सेलचे ज्ञान आधी होते आणि गाडी नंतर आली, त्यामुळे जुन्या मोटार कंपनीला तिचे अनुकरण करणे फार कठीण आहे. टेस्लाने नेवाडात पॅनासोनिकला आपल्याच छपराखाली आणून बसवले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःचा ४६८० हा सेल जाहीर केला. ओल्या लेपाऐवजी कोरडा लेप वापरण्याची त्यामागची कल्पना प्रत्यक्षात आणायला तिला अनेक वर्षे झगडावे लागले, आणि त्या काळात ती पॅनासोनिक, एलजी आणि चीनची सीएटीएल यांच्याकडून सेल घेतच राहिली.

निस्सानचे उदाहरण उलट्या दिशेचे आहे. तिने एनईसी या जपानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबर २००७ मध्येच सेल बनवणारी कंपनी काढली, २०१० मध्ये लीफ ही गाडी स्वतःच्या सेलांवर बाजारात आणली, आणि पुढे त्या कंपनीतला बहुतांश वाटा एन्व्हिजन या चिनी समूहाला विकून टाकला, कारण बाहेरच्या मोठ्या उत्पादकांच्या किमतीशी तिचा एकटीचा कारखाना बरोबरी करू शकत नव्हता. युरोपात नॉर्थव्होल्ट या स्वीडिश कंपनीने मोटार कंपन्यांच्या पैशावर आणि मागणीवर स्वतंत्र सेल उद्योग उभारण्याचा प्रयत्न केला. सेल ठरल्या प्रमाणात निघेनात, बीएमडब्ल्यूने जून २०२४ मध्ये २ अब्ज युरोची मागणी रद्द केली, आणि मार्च २०२५ मध्ये ती कंपनी स्वीडनमध्ये दिवाळखोर झाली. भांडवल आणि ग्राहक दोन्ही असूनही कारखान्याची शिस्त विकत मिळत नाही, हे यातून पुन्हा दिसते.

एकाच सेलची मर्यादा

जनरल मोटर्सच्या तिसऱ्या व्यवस्थेने एक अडचण सोडवली आणि दुसरी निर्माण केली. अल्टियमची सगळी रचना एका आकाराच्या आणि एका रसायनाच्या सेलभोवती होती. मोठ्या ट्रकपासून लहान गाडीपर्यंत तोच सेल वापरला तर प्रमाण वाढून किंमत उतरेल, हा त्यामागचा हिशेब होता. दरम्यान लोह-फॉस्फेट रसायन चीनमध्ये झपाट्याने सुधारले आणि कोबाल्ट-निकेल नसल्यामुळे बरेच स्वस्त पडू लागले. ज्या कंपन्या सेल विकत घेत होत्या त्या ते रसायन एका नव्या कराराने घेऊ शकत होत्या. ज्यांनी अब्जावधी डॉलर एका रसायनाच्या यंत्रसामग्रीत घातले होते त्यांना तसे करता येत नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जनरल मोटर्सने टेस्लाचे माजी बॅटरीप्रमुख कर्ट केल्टी यांना बॅटरी विभागाचे उपाध्यक्ष नेमले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अल्टियम हे नाव सोडण्यात आले, आणि यापुढे गाडीनुसार वेगवेगळी रसायने आणि वेगवेगळ्या आकारांचे सेल वापरले जातील असे सांगितले गेले. त्यात लोह-फॉस्फेट होते, ज्यामुळे एका गाडीमागे ६ हजार डॉलरपर्यंत बचत होईल असा कंपनीचा अंदाज होता. डिसेंबर २०२४ मध्ये लान्सिंगच्या कारखान्यातला आपला वाटा एलजी एनर्जी सोल्युशनला विकण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि त्याच वेळी त्याच कंपनीबरोबर चौकोनी डब्याच्या आकाराचे सेल विकसित करण्याचा करारही झाला. कारखान्यातली मालकी कमी करून तंत्रज्ञानातला सहभाग वाढवणारी ही दोन पावले एकाच आठवड्यात पडली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मे २०२५ मध्ये जाहीर झालेला लिथियम-मँगनीजबहुल सेल या बदलाचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. या रसायनावर जनरल मोटर्सचे स्वतःचे संशोधक सुमारे दहा वर्षे काम करत होते. मँगनीजचे प्रमाण जास्त, निकेल कमी आणि कोबाल्ट जवळपास नाही, अशा या सेलची ऊर्जा घनता आजच्या उत्तम लोह-फॉस्फेट सेलपेक्षा ३३ टक्क्यांनी अधिक असेल आणि खर्च त्याच्याइतकाच, असे कंपनी म्हणते. २०२८ मध्ये तो एलजीबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यात बनू लागेल अशी योजना आहे. येथे प्रथमच रसायन मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेतून पुरवठादाराच्या यंत्रांकडे जात आहे. व्होल्ट आणि बोल्टच्या वेळी हा प्रवाह पूर्णपणे उलटा होता.

तरीही विकत घेणे संपलेले नाही. स्प्रिंग हिलच्या कारखान्यात लोह-फॉस्फेट सेल २०२७ अखेर बनू लागतील असे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि तोपर्यंत, बंद झालेल्या बोल्टच्या जागी येणाऱ्या नव्या बोल्टसाठी असे सेल परदेशी पुरवठादाराकडून आणण्याचे कंपनीने मान्य केले. सप्टेंबर २०२५ अखेर ग्राहकाला मिळणारी ७,५०० डॉलरची केंद्रीय कर सवलत संपली, मागणी घसरली, आणि ओहायो व टेनेसी या दोन्ही ठिकाणचे सेल उत्पादन जानेवारी २०२६ पासून काही महिने थांबवण्याचा निर्णय ऑक्टोबरमध्ये घेण्यात आला. मागणी घटली की विकत घेणारी कंपनी मागणीपत्र कमी करते, तर कारखान्याची मालक कंपनी कामगारांना घरी बसवते, हा फरक आकड्यांच्या तक्त्यात लहान वाटतो, पण ज्या गावात तो कारखाना उभा आहे तेथे तो लहान नसतो.

या सर्व घटनाक्रमावरून माझा निष्कर्ष असा आहे की जनरल मोटर्सची उणीव सेल विकत घेण्यात नव्हती. सेल कसा बनतो, तो कशाने बिघडतो आणि बिघडलेला सेल कसा ओळखायचा, हे ज्ञान पुरवठादाराकडेच राहू देण्यात होती. कारखान्याची मालकी हा ते ज्ञान मिळवण्याचा एक मार्ग आहे आणि तो सर्वांत महाग आहे. स्वतःचे सेल संशोधन, छोट्या प्रमाणावर सेल बनवून पाहणारे प्रायोगिक केंद्र, आणि बनावटीच्या नोंदी पाहण्याचा करारात लिहिलेला हक्क यांतूनही त्याचा मोठा भाग मिळू शकतो, आणि वॉरन येथे २०२१ नंतर उभारलेले सेल संशोधन केंद्र हे मला ओहायोच्या कारखान्याइतकेच महत्त्वाचे वाटते. नव्या बोल्टमध्ये परदेशातून येणाऱ्या लोह-फॉस्फेट सेलांच्या बाबतीत या हक्काची पहिली खरी कसोटी लागेल : ते सेल ज्या यंत्रांवर रचले गेले त्यांच्या नोंदी जनरल मोटर्सच्या अभियंत्यांना गाडी विकण्याआधी पाहता येतात का, की २०२० प्रमाणे पहिली आग लागल्यानंतरच त्या मागाव्या लागतात, यावर पुढचे मूल्यमापन अवलंबून आहे.